फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर होडीला कुठे बसवायचा? उजनीवर होडी चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

उजनीच्या जलाशयात करमाळा, माढा, इंदापूर या बाजूंनी आता बऱ्याच होड्यांवर फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, दिसतो. यंत्र कोणतंही घ्या, पाण्यात बुडणारा त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे बोलीतला ‘सेन्सर’, चुकीच्या जागी बसला की स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो. खालची उत्तरं गोड्या पाण्यातल्या छोट्या होड्यांसाठी आहेत. समुद्रातल्या ट्रॉलरचं गणित वेगळं असतं.

जागेला एवढं महत्त्व कशासाठी?

ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० ते १,५०० मीटर जातो. म्हणजे १५ मीटर खोल पाण्यात तळाला लागून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. पाण्यातून जाताना वाटेत हवा आडवी आली की आवाज तिथूनच मागे फिरतो. त्यामुळे ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून बुडबुडे वाहत असतील, तर यंत्राला तळ दिसत नाही आणि मासाही दिसत नाही. जागा निवडायची ती एवढ्यासाठी की होडी नेहमीच्या वेगात असताना त्या तोंडाखालून फेस नसलेलं, एकसंध पाणी गेलं पाहिजे. वॅट किती आणि रंगीत स्क्रीन केवढी, हे नंतर.

बसवण्याचे प्रकार किती?

आपल्याकडे उपयोगाचे तीन. पहिला, होडीच्या मागच्या उभ्या पाटीवर, म्हणजे ट्रान्समवर, बाहेरून ब्रॅकेटने. दुसरा, फायबरच्या होडीत आतून तळाला चिकटवून. तिसरा, काठाला क्लॅम्पने अडकवलेल्या पाइपाच्या टोकाला. तळाला भोक पाडून आरपार बसवायचाही एक प्रकार आहे, पण तो मोठ्या बोटींचा. पाच-सहा मीटरच्या होडीला तळात भोक पाडण्याचा उद्योग करू नये. इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर असेल तर तिच्या खालच्या गोल भागालाही ट्रान्सड्यूसर बांधता येतो. तिथे फेस जवळजवळ नसतो, मात्र मोटर वर घेतली की चित्र बंद.

माझ्या होडीला यातला कोणता चालेल?

फायबरची होडी आणि आउटबोर्ड मशीन, म्हणजे मागे बाहेरून लावायचं इंजिन, असेल तर ट्रान्सम हीच पहिली पसंती. तळाचं फायबर एकजीव, भरीव असेल तर आतून चिकटवायचाही विचार करता येतो.

लोखंडी पत्र्याच्या होडीत आतून चिकटवणं विसरा. नेहमीच्या फिश फाइंडरचा आवाज धातूतून नीट पार होत नाही. लाकडातूनही होत नाही. या दोन्हींना ट्रान्सम किंवा पाइप.

काहील (कढईसारखी गोल होडी), थर्माकोलचा तराफा, वल्ह्याची छोटी होडी यांना पाइप-क्लॅम्पच बरा. काहील पाण्यात जागच्या जागी गोल फिरते, तिला पुढचं-मागचं असं काही नसतंच. शिवाय ती रोज काठावर ओढली जाते, तळाशी कायमची बसवलेली वस्तू आठवडाभर टिकणार नाही.

ट्रान्समवर नेमकी जागा कशी ठरवायची?

मोजपट्टी हातात घ्यायच्या आधी होडी पाण्यात घाला. एकाने नेहमीच्या वेगाने चालवायची आणि दुसऱ्याने लाइफ जॅकेट घालून मागच्या पाटीवरून खाली बघायचं. पाटीखालून सुटणारं पाणी काही ठिकाणी काचेसारखं सपाट दिसतं आणि काही ठिकाणी पांढरं, उकळल्यागत. सपाट पाण्याच्या पट्ट्याच्या बरोबर वर पाटीवर टेप लावून खूण करा. होडीत नेहमीएवढं वजन हवं: जाळी, बर्फाची पेटी, माणसं, पेट्रोलचा डबा. रिकाम्या होडीवर केलेली खूण भरल्या होडीला लागू पडत नाही, कारण मागची बाजू किती दबते त्यावर पाण्याची वाट बदलते.

ही पाहणी सकाळी करा. मे महिन्यात दुपारनंतर उजनीवर वारा कधी उठेल याचा भरवसा नाही. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला.

खूण केल्यावर पुढच्या गोष्टी ताडून बघा.

मशीनच्या पंख्यापासून (प्रोपेलरपासून) अंतर किमान ३० सेंटीमीटर हवं, ४० मिळाले तर उत्तम. मशीन दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळल्यावर पंखा ट्रान्सड्यूसरला किंवा केबलला लागता कामा नये.

बाजू बहुतेक वेळा उजवी. मागून पाहिलं असता बहुतेक आउटबोर्डचा पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. म्हणजे उजव्या बाजूला पाती खाली उतरतात आणि तिकडे खळबळ कमी असते. तुमचा पंखा उलटा फिरत असेल तर डावी बाजू घ्या.

त्या जागेच्या पुढे, तळाच्या बाजूला काय आहे तेही बघा. तळाच्या लांब उंचवटा-पट्ट्या, रिव्हेट, वेल्डिंगची गाठ, पत्र्याचा पोचा, पाणी काढायच्या बुचाचं तोंड, यातलं काहीही सरळ रेषेत पुढे असेल तर त्याच्या मागे बुडबुड्यांची शेपूट तयार होते. पत्र्याच्या जुन्या होडीत गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात, तेही हेच करतात. तेवढा पट्टा घासून, प्रायमर मारून गुळगुळीत केला तरी फरक पडतो.

आणि फार कडेला जाऊ नका. होडी वळताना कडेची बाजू पाण्याबाहेर उचलली जाते.

उंची किती ठेवायची?

ट्रान्सड्यूसरचं तोंड तळाच्या पातळीच्या किंचित खाली. फायबरच्या होडीत सुमारे ३ मि.मी., ॲल्युमिनियमच्या होडीत सुमारे ९ ते १० मि.मी. लोखंडी पत्र्याचा तळही ॲल्युमिनियमसारखाच खडबडीत असतो, म्हणून तिथेही १० मि.मी.पासून सुरुवात करा.

मोजायची सोपी रीत अशी. होडी काठावर किंवा ट्रॉलीवर असताना अर्धा मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियम पट्टी तळाला खालून टेकवा, अशी की तिचं टोक पाटीच्या मागे वीतभर बाहेर येईल. तळाची रेषा पाटीमागे कुठे जाते ते त्या टोकावरून कळतं. ब्रॅकेटमध्ये ट्रान्सड्यूसर अडकवून त्याचं तोंड पट्टीच्या ३ मि.मी. खाली येईल असं धरा आणि ब्रॅकेटच्या लांबट भोकांच्या मधोमध पेन्सिलने खूण करा. स्क्रू मधोमध आला की पुढे वर-खाली दोन्हीकडे सरकवायला जागा राहते. एका टोकाला स्क्रू मारला की सरकवणं फक्त एकाच बाजूला होतं आणि नेमकं उलट्या बाजूला सरकवायची गरज पडते!

तोंड पाण्याच्या पातळीला समांतर हवं, तळाच्या उताराला नव्हे. ‘व्ही’ आकाराच्या तळावर ट्रान्सड्यूसर उतार धरून तिरपा बसला तर आवाज तिरका जातो आणि खोली जास्त दाखवतो. पुढून-मागून बघताना पुढचं टोक मागच्यापेक्षा खाली झुकलेलं नसावं. पुढचं टोक खाली असलं की त्याच्यामागे पोकळी तयार होऊन हवा अडकते.

खोल बसवलं तर जास्त चांगलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. गरजेपेक्षा खाली गेलेला ट्रान्सड्यूसर स्वतःच पाणी फाडतो, मागे फवारा उडवतो आणि बुडालेल्या खोडाला पहिला तोच धडकतो.

भोक पाडायच्या आधी खात्री कशी करायची?

तात्पुरतं बसवून. याला पर्याय नाही. ब्रॅकेट एका फळीच्या तुकड्यावर लावा, फळी दोन सी-क्लॅम्पनी पाटीच्या वरच्या काठाला घट्ट करा आणि क्लॅम्पला दोरीही बांधा. केबल टेपने काठाला लावा. मग आधी उभ्या होडीत, मग हळू, मग नेहमीच्या वेगात तळाची रेषा अखंड राहते का ते बघा. वेग वाढवल्यावर रेषा तुटली तर ३ मि.मी. खाली घ्या आणि पुन्हा फेरी मारा. तीन-चार वेळा खाली घेऊनही रेषा तुटतेच आहे म्हणजे जागा चुकली. मग उंचीशी खेळत बसू नका, जागाच बदला.

उजनीवरच्या बऱ्याच होड्या मुळात संथ चालतात, म्हणून त्यांचं काम पहिल्या-दुसऱ्या फेरीत जमून जातं. वेगवान पर्यटक बोटींना खरी कसरत करावी लागते.

भोकं कशी पाडायची? फायबर तडकतं का?

ड्रिल सरळ दाबलं तर वरचा चकचकीत जेलकोट तडकतो. खुणेवर मास्किंग टेप लावा, आधी ड्रिल उलट्या दिशेने फिरवून जेलकोटचा थर खरवडा, मग सरळ. आठ नंबरच्या स्क्रूला सुमारे ३ मि.मी.चं भोक पुरतं. बिटला किती खोल जायचं तिथे टेप गुंडाळा. भोकाच्या तोंडाची कड काउंटरसिंक बिटने हलकी मारून घ्या.

फायबरच्या पाटीच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. पाण्याच्या पातळीखालच्या स्क्रूतून थेंब थेंब झिरपलं तरी दोन-तीन वर्षांत ते प्लायवूड कुजतं आणि मशीनसकट पाटी हलायला लागते. म्हणून भोकात आणि स्क्रूच्या आट्यांवर मरीन पॉलियुरेथेन सीलंट भरपूर भरा. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, जस्त चढवलेले नकोत.

त्याहून बरा उपाय म्हणजे मधली फळी. पांढऱ्या एचडीपीई प्लॅस्टिकची १२ मि.मी. जाडीची फळी पाटीला एकदाच पक्की बसवायची आणि ब्रॅकेटचे स्क्रू फक्त त्या फळीत मारायचे. पुढे यंत्र बदललं, ब्रॅकेट बदललं, तरी होडीला नवीन भोक नाही. स्वयंपाकघरातला जाड चॉपिंग बोर्डही चालतो. एक लक्षात ठेवा, एचडीपीईला इपॉक्सी चिकटत नाही. फळी बोल्टनेच बसवावी लागते.

पत्र्याच्या होडीत ब्रॅकेट थेट वेल्ड करायचा मोह होतो, कारण सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ते काम लगेच होतं. पण मग ब्रॅकेट सरकवता येत नाही. त्यापेक्षा पाटीवर एक पट्टी वेल्ड करून घ्या आणि तिला नट-बोल्टसाठी लांबट खाच ठेवा. वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंगही जळतो, तिथे प्रायमर मारल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका.

लाकडी पाटीत भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडा, ते इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातच स्क्रूचं बारीक भोक पाडा. स्क्रू इपॉक्सीत राहतो, लाकूड कोरडं राहतं.

आतून चिकटवायचं म्हणजे कसं?

आवाज भरीव फायबरमधून पार होतो, थोडा कमजोर होऊन. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम, प्लायवूड किंवा हवा असेल तर पार होत नाही. शोधायची युक्ती अशी: होडी किमान दोन-तीन मीटर पाण्यात उभी करा, आत तळावर थोडं पाणी ओता, ट्रान्सड्यूसर त्या पाण्यात तळाला टेकवून धरा. मग शेजारी, पाण्यात बाहेरून धरून तीच खोली येते का ते बघा. आतून खोली बरोबर आणि तळाची रेषा ठसठशीत आली तर जागा चांगली. मागच्या भागात, कण्याजवळ, शोधायला सुरुवात करा.

चिकटवायला सावकाश सुकणारं दोन भागांचं इपॉक्सीच घ्या. सिलिकॉन नको, ते सुकल्यावर रबरासारखं मऊ राहतं आणि आवाज खातं. तबल्यावर ओलं फडकं टाकून ठेका धरल्यासारखं होतं. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सीही नको, त्यात बुडबुडे अडकून राहतात.

आता आपल्याकडची खास अडचण, उन्हाळा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या होडीचा तळ त्याहून तापलेला असतो. पाकिटावर लिहिलेला इपॉक्सीचा वेळ त्या उष्णतेत निम्म्यावर येतो आणि डब्यात एकगठ्ठा कालवलं तर ते धूर काढत घट्ट होतं. काम पहाटे किंवा सावलीत करा. तळ सँडपेपरने घासा, पुसा, कोरडा करा. इपॉक्सी हळूहळू कालवा, जोरात फेटू नका. नाण्याएवढा ढीग मधोमध ओता आणि ट्रान्सड्यूसर थोडा पिरगळत दाबा, म्हणजे हवा कडेने बाहेर पडते. वर वजन ठेवून एक दिवस हलवू नका.

या पद्धतीत पाण्याचं तापमान कळत नाही, होडीच्या तळाचं कळतं. आणि डाउन इमेजिंग किंवा साइड इमेजिंग, म्हणजे खालचं किंवा बाजूंचं फोटोसारखं बारीक चित्र, हवं असेल तर ही पद्धत सोडा. ४५५ आणि ८०० किलोहर्ट्झचे आवाज फायबरमध्येच जिरतात.

पाइप-क्लॅम्पचं काम कसं करायचं?

२५ मि.मी.चा जीआय किंवा ॲल्युमिनियमचा पाइप, लांबी काठापासून पाण्याखाली २० ते ३० सेंटीमीटर जाईल एवढी. पीव्हीसी वाकतो आणि चालताना थरथरतो, फक्त उभ्या होडीपुरता ठीक. खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसरचं ब्रॅकेट, वर काठाला सुताराचा जी-क्लॅम्प वेल्ड केलेला. पाइपाच्या वरच्या टोकाला रंगाने बाण काढा, म्हणजे ट्रान्सड्यूसरचं पुढचं टोक कोणत्या दिशेला आहे ते वरून कळतं. केबल पाइपाला दर वीतभर अंतरावर टायने बांधा, नाहीतर पाण्याच्या ओढीने ती फडफडते.

होडी वेगात न्यायची असेल तर पाइप वर फिरवून घ्यायचा. तो खाली ठेवून वेगात गेलात की क्लॅम्प सुटतो आणि पाइप ट्रान्सड्यूसरसकट तळाशी जातो. म्हणून इथेही क्लॅम्पला दोरी बांधा.

उजनीत खोडं, भिंती, जलपर्णी आहे. ट्रान्सड्यूसर तुटणार नाही का?

तुटतो, म्हणूनच धक्का लागला की वर उचलला जाणारा किक-अप ब्रॅकेट घ्या. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत साठा. पूर्ण भरलेलं धरण आणि मृत साठ्याची पातळी यांत जवळजवळ सहा मीटरचा फरक आहे. दिवाळीत ज्या भिंतीवरून होडी आरामात जाते तीच भिंत मे महिन्यात पाण्याच्या अगदी खाली येते. पळसदेवचं देऊळ आणि कुगावचा इनामदार वाडा पाणी उतरलं की बाहेर येतात, पण न दिसणाऱ्या विहिरींचे कठडे आणि बाभळीची खोडं त्याहून जास्त त्रास देतात. किक-अप ब्रॅकेटचा स्क्रू हाताने जोर लावल्यावर हलेल एवढाच आवळा. पूर्ण आवळलात तर पाटीतले स्क्रू उपटून येतात.

जलपर्णीचं वेगळंच. तिची मुळं ट्रान्सड्यूसरच्या पुढच्या टोकाला गुंडाळतात आणि तळाची रेषा एकाएकी गायब होते. मशीन बंद करून, पंखा थांबल्यावरच हात घालून काढा.

कोणता कोन, कोणती फ्रिक्वेन्सी?

आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. थोडक्यात: २० अंशांचा शंकू १० मीटर खोलीवर साधारण साडेतीन मीटर रुंद जागा बघतो, ६० अंशांचा साडेअकरा मीटर. उजनीच्या उथळ काठाला रुंद शंकू बरा, भीमेच्या जुन्या पात्रावर अरुंद, कारण रुंद शंकूत पात्राच्या दोन्ही कडा मिसळून तळ सपाट दिसतो. साधारणपणे २०० किलोहर्ट्झचा शंकू अरुंद आणि ८३ चा रुंद असतो.

साइड इमेजिंगचा ट्रान्सड्यूसर असेल तर दोन्ही बाजूंना मोकळं पाणी हवं. मशीनचा पाय मध्ये आला की त्या बाजूला कायमची काळी पट्टी दिसते.

केबल आणि बॅटरी?

केबल कापू नका आणि जोड देऊ नका. जास्तीची केबल मोठ्या वेटोळ्यात ठेवा, आवळून गुंडाळी करू नका. मशीनच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. पाटीतून आत न्यायची असेल तर भोक पाण्याच्या रेषेच्या बरंच वर पाडा आणि आधी प्लगची रुंदी मोजा, कारण केबल बारीक असली तरी प्लग जाड असतो.

बॅटरी स्वतंत्र १२ व्होल्टची. ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी अर्धा अँपिअर खाणारं यंत्र कागदावर १४ तास चालवते, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून ७ तास धरा. प्लसच्या वायरीत, बॅटरीजवळ, पुस्तिकेत सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज टाका.

सगळं बसवलं, तरी चित्र नीट नाही. काय बघायचं?

उभ्या होडीत ठीक, वेगात गायब: बुडबुडे. उंची किंवा जागा.

मशीन सुरू केल्यावरच उभ्या रेघा आणि ठिपके: विजेचा गोंधळ. यंत्र वेगळ्या बॅटरीवर लावून बघा, केबल लांब न्या. रेघा मशीनच्या आरपीएमबरोबर वाढत असतील तर स्पार्क प्लगकडे बघा.

उथळ पाण्यात दुप्पट खोली: आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात दोनदा आपटतो, यंत्र दुसरा ठोका धरतं. सेन्सिटिव्हिटी कमी करा.

शेजारच्या होडीत यंत्र सुरू झालं की तिरक्या तुटक रेघा: दोघांची फ्रिक्वेन्सी एकच आहे. एकाने बदला.

होडी घरासमोर ट्रॉलीवर आहे आणि तरी स्क्रीनवर मोठमोठे मासे पोहताहेत: डेमो मोड सुरू आहे. ट्रान्सड्यूसरचा प्लग नीट बसला नसेल तर काही यंत्रं आपोआप त्यात जातात. प्लग घट्ट करा, मोड बंद करा.

पाण्यात घातल्यावर पहिली काही मिनिटं काहीच नाही: तोंडावर हवेचा पातळ थर चिकटलेला असतो. भांड्याचा साबण बोटाने लावून धुऊन घ्या.

खोली चुकीची दाखवतो, दोन फुटांचा फरक येतो.

यंत्र ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून मोजतं. सेटिंगमध्ये कील ऑफसेट असतं. पाण्याच्या पृष्ठभागापासून खोली हवी असेल तर तोंड पृष्ठभागाखाली जेवढं आहे तेवढी अधिक किंमत भरा. वजनाला बांधलेल्या दोरीने एकदा मोजून ताडा, तळ सपाट असेल तिथे.

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर काठावरून मासेमारी करतो, होडी नाही.

तर ट्रान्समचा प्रश्नच नाही. गळाच्या दोरीला बांधून फेकायचे चेंडूसारखे वायरलेस फाइंडर मिळतात, चित्र मोबाइलवर येतं. दोरी मजबूत हवी, नाहीतर फेकताना चेंडू एकटाच जातो. फार उथळ पाण्यात, म्हणजे गुडघाभर, कोणत्याच यंत्राकडून अपेक्षा ठेवू नका.

साफसफाई कशी करायची?

उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं आणि ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो. त्यात बारीक हवा अडकते. आठवड्यातून एकदा मऊ फडकं आणि भांड्याचा साबण. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन लावलं तर प्लॅस्टिकचं तोंड बारीक तडकतं. पत्र्याची होडी रंगवताना ट्रान्सड्यूसरवर टेप लावून घ्या, रंगाचा थरही आवाज अडवतो. होडी बरेच दिवस काठावर राहणार असेल तर ट्रान्सड्यूसरवर ओलं पोतं टाका, निदान तापलेल्या खडकावर तोंड टेकवून ठेवू नका.